केबिनचं दार बंद असताना

हिंगोलीच्या कोर्टात नोकरीचे तंटे चालवणाऱ्या वकिलाला दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो. विषय: कामाच्या जागची अपमानकारक भाषा आणि तिचे परिणाम. अट: सोप्या शब्दांत, कलमं टाळून. कलमं टाळून वकिलानं लिहायचं म्हणजे मिठाशिवाय ठेचा. तरी प्रस्तुत लेखकानं होकार दिला. २०२५ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल पाठोपाठ आले आणि तेव्हापासून समोर बसलेल्या अशिलाला नेमकं काय सांगायचं, हे कोडं त्याला छळतं आहे.

अशील सहसा एकटा येत नाही. सोबत भाऊ नाही तर मेहुणा असतो, आणि बोलतो तोच. अशील कधी पंचायत समितीतला कारकून असतो, कधी दवाखान्यातली सिस्टर, कधी मोंढ्यातल्या हळदीच्या आडतीवरचा मुनीम. अर्जात ठरलेलं वाक्य असतं: ‘साहेबांनी मला अर्वाच्य भाषेत जातिवाचक शिवीगाळ केली.’ शब्द काय होते, असं विचारलं की मान खाली जाते. मेहुण्याला चहा सांगायला बाहेर पाठवावं लागतं, तेव्हा कुठं तो शब्द येतो, तोही पुटपुटत. मग दुसरा प्रश्न: तेव्हा तिथं कोण होतं?

‘कोणीच नाही सर. केबिनमध्ये बोलावलं होतं.’

इथं अर्धं प्रकरण संपलेलं असतं.

का, ते सांगायचं तर कलमांत शिरावंच लागतं. संपादकांनी माफ करावं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(आर) मध्ये हेतुपुरस्सर अपमान येतो आणि (एस) मध्ये जातीच्या नावानं दिलेली शिवी. दोन्हींना अट एकच: प्रकार लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी घडायला हवा. स्वरण सिंग प्रकरणात २००८ साली न्यायालयानं बारकावा सांगितला की जागा सार्वजनिक नसली तरी चालेल, ती लोकांच्या नजरेत हवी. बंगल्याची हिरवळ खासगीच, पण कुंपणाबाहेरून दिसत असेल तर ती या कलमात बसते. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात, चार भिंतींच्या आत बाहेरचं कोणी हजर नसताना घडलेला प्रकार यात येत नाही, असा निकाल लागला. ते प्रकरण घराचं होतं. ३१ जानेवारी २०२५ ला हाच नियम सरकारी कचेरीत आला. तमिळनाडूतल्या एका महसूल निरीक्षकाची तक्रार होती की त्याला त्याच्याच कार्यालयात जातीवरून शिवीगाळ झाली. सहकारी धावून आले, पण नंतर. करुप्पुदयार नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयानं कार्यवाही रद्द केली.

दहा दिवसांनी, १० फेब्रुवारीला, दुसरा निकाल आला. सिकंदराबादच्या एका राष्ट्रीय संस्थेत वरिष्ठांनी सहायक प्राध्यापकाला मोठ्या आवाजात झापलं होतं. कामावरून वरिष्ठानं सुनावणं म्हणजे शांतताभंगाला चिथावणारा हेतुपुरस्सर अपमान नव्हे, असं न्यायालय म्हणालं. लगेच दुसऱ्या दिवशी तिसरा. झारखंडमध्ये माहिती अधिकाराचं काम पाहणाऱ्या एका उर्दू अनुवादकाला ‘मियाँ-तियाँ’ आणि ‘पाकिस्तानी’ म्हटल्याचा आरोप होता. बोलणं असभ्य, पण धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा होत नाही.

तिन्ही निकाल कायद्याच्या चौकटीत पटण्यासारखे आहेत. प्रस्तुत लेखकानं अधिकाऱ्यांचीही वकीलपत्रं घेतली आहेत. साक्षीदाराविना केलेल्या एका वाक्याच्या आरोपावर माणूस तुरुंगात जाऊ नये, हा युक्तिवाद त्यानं स्वतः केला आहे आणि बरा केला आहे. पण कचेरीत माणसाला झापायचं असेल तर साहेब व्हरांड्यात येत नाहीत. शिपायाला सांगून आत बोलावतात, दार लोटायला लावतात. कायद्याला साक्षीदार हवा आणि साहेबाला तो नको, म्हणजे सगळ्यात जहरी वाक्य नेमकं कायद्याच्या हाताबाहेर उच्चारलं जातं. यावर तोड काय, ते लेखकाला अजून सापडलेलं नाही.

लोकांचा गैरसमज मात्र दोन्ही टोकांचा. एक म्हणतो, ‘अ‍ॅट्रॉसिटी लावा, साहेब आत.’ दुसरा म्हणतो, ‘सगळ्या केसेस खोट्याच असतात.’ दोघांनाही कऱ्हाडचं प्रकरण ठाऊक नसतं. तिथल्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात अनुसूचित जातीच्या एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी शेरा मारला, की त्याची सचोटी आणि चारित्र्य चांगलं नाही. शिवी नव्हती, शुद्ध सरकारी भाषेतलं वाक्य होतं. त्यावरून तक्रार, मग खटल्याला परवानगी नाकारणाऱ्या तंत्रशिक्षण संचालकांवरच तक्रार, आणि शेवटी सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा २० मार्च २०१८ चा निकाल. त्यानं अटकेआधी चौकशीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८-अ घालून त्या अटी निष्प्रभ केल्या, १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं त्या निर्देशांमधले वादग्रस्त भाग मागं घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ वैध ठरवलं. लोकांच्या लक्षात राहिला तो बंद. सुरुवात गोपनीय अहवालाच्या एका रकान्यातून झाली, हे मोर्चात चाललेल्या किती जणांना माहीत होतं?

आता परिणाम. वकिलाला मन वाचता येत नाही, कागद वाचता येतात. अपमान झालेला माणूस फायलीत लगेच ओळखू येतो. आधी त्याच्या टिपणीत स्वतःचं मत असायचं, ‘मंजुरीस हरकत नसावी’ असं. नंतर प्रत्येक कागदावर फक्त ‘आदेशार्थ सविनय सादर’. तोंडी विचारणं बंद. वैद्यकीय रजेचे अर्ज वाढतात. चूक दिसली तरी तो दाखवत नाही, कारण दाखवायला पुन्हा केबिनमध्ये जावं लागतं. दोन वर्षांनी त्याच फायलीवरून कारणे दाखवा नोटीस निघते, आणि साहेब म्हणतात, ‘बघा, मी म्हणत नव्हतो कामचुकार आहे?’

हा नुसता वकिली तर्क नाही. २०१५ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात इस्रायलमधला एक प्रयोग छापून आला. नवजात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सांच्या २४ गटांना आजारी बाळाचा बनावट प्रसंग हाताळायला दिला. काही गटांना परदेशी तज्ज्ञाकडून तुच्छतेचे शेरे ऐकवले. शिवी नाही, इथल्या वैद्यकीचा दर्जा काही खास नाही, इतपतच. त्या गटांचं निदान घसरलं, उपचारातली हातोटी घसरली, एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी झालं.

मुंबईच्या नायर रुग्णालयात मे २०१९ मध्ये जळगावकडच्या आदिवासी तडवी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा कुटुंबाचा आरोप आहे. तो शाबीत व्हायचा आहे, म्हणून त्यावर इथं अधिक लिहिणं बरं नव्हे. पण त्यांची कामाची जागाही वॉर्डच होती, जिथं हाताखालच्या डॉक्टरनं प्रश्न विचारणं हा कामाचाच भाग असतो.

‘आमच्याकडं शिवी प्रेमानं देतात,’ हा बचाव मराठवाड्यात हमखास ऐकू येतो. साहेबाला प्रेमानं शिवी देणारा शिपाई प्रस्तुत लेखकाच्या अजून पाहण्यात नाही.

मग अशिलाला सांगायचं काय? त्याच दिवशी लिहून काढा: तारीख, वेळ, नेमके शब्द, लाज न बाळगता. दाराबाहेर कोणी ऐकलं असेल तर त्याचं नाव. शेरा गोपनीय अहवालात असेल तर तो कळवणं बंधनकारक आहे, २००८ च्या देव दत्त निकालापासून. सरकारी नोकर त्याविरुद्ध वरिष्ठांकडे आणि पुढं संभाजीनगरच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊ शकतो. पोलीस ठाण्यात साधा अपमान अदखलपात्र. एनसीची पावती मिळते, तपास नाही. बाईवर लैंगिक शेरेबाजी झाली असेल तर कामाच्या जागच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लोकांच्या नजरेची अट नाही, बंद केबिनही चालते. तक्रार मात्र तीन महिन्यांत करायची. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती नसते, तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. वसमतच्या हळदीच्या गोदामात निवडायला बसणाऱ्या बायकांपैकी कोणाला ही समिती ठाऊक असेल, असं वाटत नाही. आणि त्याच आडतीवरच्या पुरुष मुनिमाला, शिवी जातीची नसेल तर, एनसीच्या पावतीपलीकडं यातलं एकही दार उघडं नाही. कामाच्या जागी होणाऱ्या सगळ्याच प्रकारच्या छळाला, बाई-पुरुष न पाहता, कवेत घेणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १९० जून २०१९ मध्ये मंजूर झाला. भारतानं त्याला अनुसमर्थन दिलेलं नाही.