गुरुजींचा पासवर्ड

मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात कामाला आहे. पॅन, फॉर्म १६, बँकेचे उतारे असले कागद ईमेलने पाठवायचे तर पासवर्ड लावूनच, हा आमचा शिरस्ता. लावणं सोपं असतं. समोरच्याकडून ते उघडून घेणं हेच खरं काम.

कराडचे एक निवृत्त शिक्षक आमचे अशील. त्यांना ऑफिसातून सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने एईएस-२५६ कूटलेखन लावलेली झिप गेली. संध्याकाळी फोन आला. "अहो, फायलींची नावं दिसतायत, पण एकही उघडेना. कसलातरी एरर येतोय." त्यांच्याकडे विंडोज १०. त्यातली स्वतःची झिपची सोय एईएस उघडत नाही, आणि तसं धड सांगतही नाही. नुसता एररचा आकडा तोंडावर फेकते. जुन्या पद्धतीचं कूटलेखन तिथे चालतं, पण ते इतकं कच्चं की न केल्यातच जमा. शिवाय झिपमधल्या फायलींची नावं पासवर्डशिवायही वाचता येतात. नावच 'घरविक्री करार' असेल तर झाकलं काय?

"सेव्हन-झिप उतरवून घ्या" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नेटवरून काही उतरवू नका, असं त्यांना घरचे रोज बजावतात, आणि बरोबरच बजावतात.

मग तेच कागद एका फायलीत घेऊन लिब्रे ऑफिसमधून पासवर्डची पीडीएफ केली. "आधारसारखंच ना?" गुरुजी म्हणाले. ई-आधारला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल लागतं, ते त्यांना पाठ. तसला पासवर्ड मात्र मी ठेवत नाही. नाव तर ठाऊकच असतं, आणि सालाऐवजी शंभर वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा धरल्या तरी साडेछत्तीस हजारच भरतात. संगणकाला त्या तपासायला कितीसा वेळ लागणार?

मी सोळा आकडे देतो, चार-चारच्या गटात. शब्द दिला तर 'पाऊस' इंग्रजीत कसा लिहायचा यावरूनच फोन लांबतो. आकडेही सुटे सांगायचे, सहा आणि नऊ. 'एकोणसत्तर' म्हटलं की पलीकडे हमखास एकोणऐंशी उमटतं.

आणि हे फोनवरच, तोही आमच्या दप्तरी असलेल्या नंबरावर. पासवर्ड मागाहून दुसऱ्या मेलने धाडायची रीत जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयातही होती. २०२० मध्ये तिथले डिजिटल मंत्री ताकुया हिराई यांनी ती बंद केली. मेलबॉक्स ज्याच्या हाती लागला, त्याला दोन्ही मेल मिळतातच. तेव्हा "पासवर्ड पुढच्या मेलमध्ये पाठवतो" असं कुणी म्हणालं, तर त्याला सरळ फोन करायला सांगा.