रक्त जिवंत पोचलं पाहिजे

रक्ताचे नमुने बर्फात ठेवायचे, ही आम्हा पशुवैद्यकांच्या हाताची सवय. क्षयाच्या गॅमा इंटरफेरॉन चाचणीला मात्र बर्फ चालत नाही. हेपरिनच्या नळीत मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, नळी हलकेच उलटसुलट करायची आणि उन्हापासून, गारठ्यापासून जपत प्रयोगशाळा गाठायची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवंत राहिल्या तरच चाचणीला अर्थ. पहाटेच्या धारा उरकताच आम्ही सगळ्या कळपाचं रक्त घेतलं आणि पेटी मांडीवर घेऊन मी निघाले.

गोठा संगमनेरकडचा, गाई एचएफ संकरित. त्यातली एक चांगली दुधाळ गाय खंगत चालली होती. "ताई, आंबोण चाटूनपुसून खाते, पण अंगी काही लागत नाही," मालकीणबाई सांगत होत्या. शेण पाण्यासारखं, ताप नाही, जबड्याखाली लोंबती सूज. जंतांची औषधं, हगवणीची इंजेक्शनं सगळं करून झालं होतं. घरात लहान मुलं, त्यामुळे क्षयाची शंका मला स्वस्थ बसू देईना. दूध उकळल्याशिवाय कोणाच्या ओठी लागू द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आधी कातडीची चाचणी केली होती. मानेवर दोन जागी केस कापून एकीकडे बोवाइन म्हणजे गाईंच्या क्षयजंतूचं, दुसरीकडे एव्हियन म्हणजे पक्ष्यांच्या क्षयजंतूचं ट्युबरक्युलिन टोचायचं आणि ७२ तासांनी कातडीची जाडी मोजायची. काही गाईंना दोन्हीकडे गाठी आल्या, निकाल अधांतरी राहिला. ही चाचणी लगेच पुन्हा करता येत नाही, मध्ये काही आठवडे जावे लागतात. म्हणून रक्ताची वाट धरली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ही पद्धत विकसित झाली. जे गाईच्या मानेवर घडतं तेच इथे नळीत घडवतात. रक्ताच्या एका वाट्यात बोवाइन ट्युबरक्युलिन, दुसऱ्यात एव्हियन, तिसरा नुसताच. ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं की जंतूची ओळख असलेल्या पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात आणि तो एलायझाने मोजता येतो. दुसऱ्या दिवशी प्लेट समोर आली. त्या गाईच्या एव्हियनच्या खाचेत गडद पिवळा रंग, बोवाइनची खाच अगदी फिकी. प्लेटवर कुठेच बोवाइनचं पारडं जड नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

पण एव्हियनकडे झुकणं म्हणजे सुटका नव्हे. हगवण लावून गाईला खंगवणाऱ्या जोन्स रोगाचा जंतू एव्हियनच्याच गटातला. सीरमची एलायझा केली, ती पॉझिटिव्ह. शेणाच्या रंगवलेल्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्यांचे पुंजकेच्या पुंजके दिसले. या रोगाला बरं करणारं औषध नाही.

खरी अवघड गोष्ट इथून पुढची. ऑस्ट्रेलियाने बाधित जनावरं शोधून, कापून १९९७ मध्ये देश गाईंच्या क्षयापासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी आहे. मग असं जनावर गुपचूप बाजारात निघतं आणि त्याच्या शेणातून रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो. इथेही व्यापारी येऊन गेला होता. मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या लेकरांचा घास कशाला मारू? राहील इथंच." कर्जाचे हप्ते चालू असताना हे बोलायला छाती लागते. अशा माणसाला आज कुठूनही आधार मिळत नाही, याची मला फार चीड आहे.

गाय शेवटच्या खोपीत वेगळी बांधली. तिचं शेण वैरणीच्या रानात टाकायचं नाही असं ठरलं. तिच्या कालवडीची एलायझा निगेटिव्ह आली, पण मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. जंतू वासरपणीच शेणातून, चिकातून शिरतो, लक्षणं कित्येक वर्षांनी दिसतात आणि रक्तात प्रतिपिंडंही उशिराच येतात. तिची चाचणी दरवर्षी करायची. इथून पुढे वासरू जन्मताच आईपासून दूर करायचं आणि तपासलेल्या गाईचाच चीक पाजायचा. मालकीणबाईंनी गाभण गाईंच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला घेतल्या.