उधारी कोणाच्या नावे?

माझी थोरली लेक बोईसरला दिली आहे. भाऊबीजेला ती नातीला घेऊन गोरेगावला आली, तेव्हा नातीने शाळेत शिकवलेली एक गोष्ट ऐकवली. भोंगा वाजला की दारे-खिडक्या लावून घरातच थांबायचे, उघड्यावरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, सांगतील तेव्हाच गोळी घ्यायची. ही गोळी आयोडीनची. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरली, की किरणोत्सारी आयोडीनला तेथे जागा उरत नाही. नऊ वर्षांची मुलगी पाढे म्हणावेत तशी हे म्हणत होती. पाणी गाळून पिणारे आपले घर. पण त्या गाळण्यात अडकणारी ही वस्तू नव्हे.

तारापूरचे अणुवीज केंद्र बोईसरजवळ आहे, हे सोयरीक जुळवतानाही ठाऊक होते. मी कधी त्याचा विचार केला नाही. अणुकेंद्राभोवती आणीबाणीच्या तयारीसाठी १६ किलोमीटरचे वर्तुळ धरतात, असे जावईबापूंकडून कळले. लेकीचे घर त्या वर्तुळात आहे, माझे दुकान नाही.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. फुकुशिमाच्या अणुभट्ट्या बंद झाल्या. परंतु बंद भट्टीतील इंधनही तापतच राहते, आणि ते थंड ठेवणारी वीजच गेली होती. २० किलोमीटरचा परिसर रिकामा करावा लागला. दीड लाखाहून अधिक माणसांनी घरे सोडली. तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच, पाणी उकळून वाफ करणाऱ्या जातीच्या.

कोळशाचा धूर मलाही नको. वीज करताना अणुभट्टी तसा धूर सोडत नाही, हे मान्य. माझी अडचण व्यापाऱ्याची आहे. वडिलांनी दुकान हाती देताना आधी देणी दाखवली, मग येणी. कोणाचे किती, कधी फेडायचे, सारे वहीत होते. वापरलेल्या अणुइंधनातील प्लुटोनियम निम्मे व्हायलाच सुमारे २४ हजार वर्षे लागतात. वीज आपण वापरली. राखण करणारे मात्र अजून जन्मायचे आहेत. काहींनी तर आधीच मोजले: तारापूरच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. आता कोकणात जैतापूरला आणखी एक प्रकल्प योजला आहे.

लेकीला म्हटले, इकडे राहायला या. ती म्हणाली, "बाबा, यांचा धंदा तिथे, सासूबाई तिथे. आणि शेजारपाजारचे कुठे जातील?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

बोरिवलीला त्यांना डहाणू लोकलमध्ये बसवले. खिडकीतून नातीने विचारले, "आजोबा, भोंगा वाजला तर तुम्ही मला न्यायला याल ना?"

मी हो म्हणालो. अशा वेळी बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, हे तिला सांगितले नाही.