पाण्यावरचा तोल

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे झाला की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येते. हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले नाही. माझ्या घाटकोपरच्या भाच्याला मात्र सव्वा मीटरच्या युद्धनौकेसाठी ते महिनाभर खपून शिकावे लागले.

तो कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत आहे. तेथे जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याची स्पर्धा असते. त्याने आपल्या नौदलाची 'ब्रह्मपुत्रा' निवडली, तीही काठावरून रेडिओने चालवायची. मूळ जहाज सुमारे 126 मीटर लांब. शंभरपट लहान केले की 126 सेंटिमीटर. वजनाचा हिशेब मात्र फसवा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभरपट घटतात, म्हणून वजन दहा लाखपट घटते. सुमारे 3,850 टनांच्या जहाजाचे उरतात जेमतेम पावणेचार किलो! प्लायवुडच्या फासळ्या, मोटर, बॅटरी, सुकाणू, सारे त्यातच बसवायचे. रंगाचा एक हात जास्त दिला तरी काटा दाखवतो.

वजन जमले तरी तोल राहतोच. तोफा आणि रडारचा डोलारा वरच असतो ना! गच्चीवर विटा रचून, ताडपत्री अंथरून त्याने हौद केला होता; आपल्या शेततळ्याचे धाकटे भावंडच म्हणा. नौका बोटाने कलती करून सोडली की आळसावल्यासारखी सावकाश सरळ होई. भार वर असल्याची ही खूण. मग त्याने डोलारा पातळ पुठ्ठ्याचा केला, शिशाचे तुकडे कण्यालगत तळाशी ठेवले आणि बॅटरी खाली उतरवून पट्ट्याने जखडली. आता नौका झटकन उभी राहते.

खऱ्या 'ब्रह्मपुत्रे'ला 21 जुलै 2024 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत आग लागली. आग आटोक्यात आली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज एका बाजूला कलत जाऊन आडवे झाले. एका नौसैनिकाचा जीव गेला. आग विझवताना जहाजाच्या पोटात पाणी साठते, आणि मोकळ्या पाण्याइतका दगाबाज भार दुसरा नाही. जहाज जरा कलले की तेही त्याच बाजूला धावते. ट्रॅक्टरमागच्या अर्ध्या भरलेल्या टँकरचा हिसका ज्याने सोसला आहे, त्याला हे निराळे सांगायला नको. टँकर घेताना झाकण उघडून आत आडवे पत्रे आहेत का, एवढे जरूर पाहा. अर्धी टाकी घेऊन उताराला आडवे जाऊ नका.

अमेरिकेतले हौशी लोक 1970च्या दशकापासून अशा छोट्या नौका तळ्यात खरोखर लढवतात. अंगाला मुद्दाम पातळ बाल्साचे लाकूड, तोफांतून वायूच्या दाबाने छर्रे! भोक पडले की पाणी आत येते. ते पसरू नये म्हणून तळाला मधोमध अरुंद नाळ ठेवतात आणि सर्वांत खोल जागी चिमुकला पंप बसवतात. एवढे करूनही नौका बुडालीच, तर तळ्यातून वर काढतात, ठिगळे लावतात आणि पुन्हा लढायला सोडतात.