टीचर, आवाज पाठवा

आम्ही बी.एड. केलं तेव्हा ते एकच वर्षाचं होतं. त्यात 'शैक्षणिक तंत्रज्ञान' नावाचा भाग होता आणि त्यात आम्हाला मार्कही चांगले पडले. ओव्हरहेड प्रोजेक्टरची आकृती आम्ही पट्टीने रेघा मारून काढली होती, भागांना नावं दिली होती. खरा प्रोजेक्टर कॉलेजात कुलपात होता. पुढे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मिळालं, ते अब्बांनी लॅमिनेट करून आणलं. म्हणजे कागदावर आम्ही तयार होतो. (आम्ही म्हणजे एकच बाई. उर्दूच्या वर्गात 'हम' म्हणायची सवय जडली आहे, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी चालवून घ्यावं.)

नोकरी लागली ती मंडणगड तालुक्यात, खाडीकाठच्या एका उर्दू हायस्कूलमध्ये. विषय विज्ञान. इथली मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दूत शिकतात, तहसील कचेरीत गेली की मराठी बोलतात आणि कॉम्प्युटर उघडला की इंग्रजी. बाप कुवेतला, दुबईला, नाहीतर जहाजावर. त्यामुळे भारी मोबाइल आमच्या गावात तालुक्याच्या आधी आला, पण तो शिकण्यासाठी असतो असं कुणाला वाटलं नव्हतं. आम्हालाही नाही.

२०१७ साली 'दीक्षा' सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांवर ते काळे-पांढरे चौकोनी कोड आले. तेव्हा आम्हाला जरा हुरूप आला. 'पेशी' या धड्यावर आम्ही घरी रात्री बसून पॉवरपॉइंट तयार केलं आणि पेन ड्राइव्हवर घालून शाळेत नेलं. पडद्यावर पाहतो तर काय, सगळी अक्षरं एकमेकांपासून सुटलेली आणि ओळ डावीकडून उजवीकडे. अलिफ शेवटी, ये आधी. मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, उर्दू रिव्हर्स गियरमध्ये गेली!" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण त्या दिवशी घरी जाताना कानशिलं तापलेली होती. वीस वर्षं ज्या लिपीत आपण विचार केला, ती आपल्याला यंत्रावर दोन ओळीही लिहिता येऊ नये?

शेवटी शिकवलं ते लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्या एका डीटीपीवाल्या भाईंनी. दहावी नापास माणूस, पण आमच्या सगळ्या ट्रेनिंगांपेक्षा त्यांच्या दुकानातल्या तीन दुपारी भारी ठरल्या. त्यांनी सांगितलं, नस्तालिक ही लबाड लिपी आहे. शब्द उजवीकडून डावीकडे जातो आणि जाता जाता वरून खालीही उतरतो, शेजार बदलला की अक्षराचा चेहरा बदलतो. म्हणून तर उर्दू वर्तमानपत्रं कातिबाच्या हातानेच लिहिली जात. १९८१ साली लाहोरच्या 'जंग'ने नूरी नस्तालिक वापरून कॉम्प्युटरवर अंक काढला, त्यासाठी अक्षरांच्या हजारो जोड्या आधी हाताने लिहून घेतल्या होत्या. मग १९९४मध्ये इनपेज आलं. त्याच्या जुन्या फायली स्वतःच्याच खुणांनी लिहिलेल्या, त्या दुसरीकडे चिकटवल्या की चिखल होतो. आता युनिकोडमध्ये टाइप करायचं आणि दिशा उजवीकडून लावायची. मग मोबाइल असो की प्रोजेक्टर, अक्षर अक्षरच राहतं. अरबी काफ आणि उर्दू काफ डोळ्यांना सारखे दिसले तरी यंत्राला वेगळे, चुकीचा काफ पडला तर शोधूनही शब्द सापडत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. पैसे विचारले तर म्हणाले, "टीचर, माझ्या पोरीला फक्त सायन्समध्ये पास करा." तेवढं ती स्वतःच झाली.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं आणि आमच्याकडचे माड, पोफळी, पत्रे, खांब सगळं आडवं झालं. आमच्या गावात महिन्याहून जास्त दिवस वीज नव्हती. वर्तमानपत्रात मात्र ऑनलाइन शिक्षणाचे लेख येत होते!

वीज आली तेव्हा आठवीच्या छत्तीस मुलांपैकी एकोणीस ग्रुपवर आली. आम्ही वीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. एकालाही उतरवता आला नाही. रेंज फक्त वरच्या सड्यावर, तीही पाऊस थांबला तर. मग एका मुलाने लिहिलं, तेही रोमन अक्षरांत, "टीचर, आवाज पाठवा."

दोन-दोन मिनिटांचे आवाज. हीच आमची डिजिटल क्रांती. उर्दूत सुरू करायचं, अडलं की कोकणीत उतरायचं. चुलीवरच्या तव्याचा आवाज यायचा, मागे कोंबडं ओरडायचं. बी.एड.च्या कुठल्याच पाठात हे बसलं नसतं.

असाच एकदा शुआई तर्कीब, म्हणजे प्रकाशसंश्लेषण, शिकवताना आम्ही समीकरणही लिहून पाठवलं. उर्दू शब्दांत: कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, मग बाण, मग ग्लुकोज अधिक ऑक्सिजन. रात्री अकरा वाजता एका मुलीचा आवाज आला. दबका, घाईत बोललेला.

"टीचर, ये शुआई तर्कीब नहीं, ये तो तनफ्फुस हो गया."

आम्ही पुन्हा पाहिलं. शब्द उजवीकडून डावीकडे नीट गेले होते, पण बाण मोबाइलने इंग्रजीच्या सवयीने उजवीकडेच वळवला होता. म्हणजे ग्लुकोज आणि ऑक्सिजनपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, चक्क श्वसन. झाडाऐवजी माणूस उभा केला होता आम्ही. एकोणीसजणांनी ते वहीत उतरवलं होतं. हिने एकटीने वाचलं होतं.

ग्रुपवर तिला शाबासकी दिली, तीच आमची चूक झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या चाचांचा फोन आला. ग्रुपमध्ये मुलं आहेत, पोरीचा आवाज सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जातो, हे शोभत नाही. आम्ही मुलींचा वेगळा ग्रुप केला. बरं केलं की वाईट, आजही सांगता येत नाही. कारण मुली बोलू लागल्या हे खरं, आणि एक भिंत आम्ही आपल्याच हाताने बांधली हेही खरं. ती मात्र बोलली नाही. मोबाइल मुळात तिच्या भावाचा. ऑक्टोबरमध्ये तो कामासाठी मुंबईला गेला, आणि त्याच्याबरोबर तिची शाळाही गेली.

आम्ही घरी गेलो. दादी ओटीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "टीचर, तुमचे आवाज मी पण ऐकायची. मला वाचता येत नाही, पण झाड श्वास कसा घेतं ते कळलं. आता मोबाइलच नाही तर काय करणार?" चाचांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२०२१च्या जानेवारीत आठवीचे वर्ग भरले तेव्हा ती आली. शाळा पुन्हा बंद झाली आणि मग ती आलीच नाही. हजेरीपटावर नववीत नाव होतं, पुढे लाल रेघ.

आता आमच्या वर्गात बोटाने लिहायचा मोठा डिजिटल फळा आहे. वीज असली की चांगला चालतो. समीकरण आलं की आम्ही बाण टाइप करत नाही, बोटाने काढतो, उजवीकडून डावीकडे. मुलांना वाटतं टीचरना टाइप करता येत नाही.

मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून आवाज आला. दबका नव्हता. "टीचर, मी बोलतेय, तनफ्फुसवाली. दहावीला बाहेरून बसायचं आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे. मोबाइल आता माझा आहे. पण सायन्स सगळं विसरले."

फॉर्म आम्ही दोघींनी शाळेच्या कॉम्प्युटरवर भरला. माध्यमाच्या रकान्यात उर्दू निवडलं. दाखल्यावरच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळेना, त्यात तासभर गेला. निघताना ती म्हणाली, "रात्री पाठवाल ना?"

काल पहिला पाठवला. दोन मिनिटं चाळीस सेकंद, आणि मागे कोंबडं आहेच.