खंडाची पावती

धारवाडात सभांना तोटा नाही. कधी कुणाची जयंती असते, कधी एखादा नवा कायदा आलेला असतो, कधी कुठं गोळीबार झालेला असतो. कडपा मैदानावर नाहीतर विद्यावर्धक संघाच्या सभागृहात माणसं जमतात आणि पोटतिडकीनं बोलतात. या गावाचा हा गुण मला फार आवडतो. या सभांतून एक वाद मात्र मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. आधी जात की आधी वर्ग? लाल झेंड्याचे वक्ते म्हणतात, जमीन आणि मजुरी यांचा निकाल लावा, बाकीचं मागून येईल. निळ्या झेंड्याचे म्हणतात, जिथं माणसात धरत नाहीत तिथं मजुरीचं काय घेऊन बसलात? दोघांची तळमळ खरी आहे. पण इथून तास-दीड तासाच्या वाटेवर अशी माणसं राहतात, की त्यांच्या दारात उभं राहून हा वाद घालताच येणार नाही.

हुबळीहून कारवारचा रस्ता धरला की कलघटगी लागतं, रंगीत लाकडी पाळण्यांचं गाव. तिथून पुढे शेतं विरळ होत जातात, झाडी चढत जाते आणि यल्लापूर, मुंडगोड, हल्याळ या तालुक्यांच्या हद्दी सुरू होतात. या जंगलपट्ट्यात सिद्दी राहतात. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं. त्यांतले जे निसटले ते घाट चढून या रानात शिरले. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. घरची बोली कोकणी, आपल्या मराठीच्या इतकी जवळची की कानडीचा गंध नसलेल्या मराठी माणसालाही त्यांच्याशी सुखदुःखाचं बोलता यावं.

मराठी वाचकाला सिद्दी माहीत आहे तो जंजिऱ्याचा, नाहीतर पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर. मलिक अंबरचं नाव तर शाळेपासून ऐकलेलं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत त्यानं मोगलांना दख्खनेत सुखानं बसू दिलं नाही. या इतिहासातून मी एक गोष्ट घेते. ज्याच्या हाती फौज आणि मुलूख आला, त्याचा रंग त्याच्या आड आला नाही. घाटातल्या सिद्दीच्या हाती ना किल्ला आला, ना वतन, ना सात-बारा. म्हणून त्याच्याकडे पाहताना लोकांना पहिल्यांदा आणि शेवटपर्यंत दिसतो तो रंगच. तेव्हा नुसत्या रंगानं त्याची हकीकत सांगून होत नाही आणि नुसत्या गरिबीनंही नाही. सिद्दी गरीब राहिला म्हणून त्याचा रंग टिपला गेला, आणि रंग टिपला गेला म्हणून त्याला गरीबच ठेवणं सोपं गेलं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून साता समुद्रापलीकडच्या गुलामाशी इथल्या शूद्रातिशूद्राचं नातं जोडणं ही फार मोठी झेप होती. त्या वर्षी कारवार जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. १८६२ मध्ये तो मद्रास इलाख्यातून इकडे आला होता. म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज त्याच इलाख्यात, हल्याळच्या रानात, दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढत होते. जोतीरावांपर्यंत त्यांची खबर पोचण्याचा मार्ग नव्हता, त्यांना बोल लावण्याचा प्रश्नच येत नाही. पण पुढच्यांचं काय? १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. काळ्या माणसाचा लढा अमेरिकेतून आपल्याकडे पोचला, पण मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेला काळा माणूस आपल्या चळवळींच्या नजरेत भरला नाही. तो गिरणीत नव्हता, महारवाड्यात नव्हता, मतांच्या हिशेबातही धरण्याजोगा नव्हता. प्रत्येक चळवळीनं आपापला पीडित माणूस ठरवून ठेवलेला होता आणि सिद्दी त्यांतल्या एकाही साच्यात बसत नव्हता.

आता जमिनीचं पाहू. कर्नाटकात देवराज अर्स मुख्यमंत्री असताना १९७४ मध्ये कूळकायदा मोठ्या ताकदीनं राबवला गेला. कसेल त्याची जमीन, हे कारवार जिल्ह्यात बऱ्याच अंशी खरंही झालं. त्यामागे दिनकर देसाईंसारख्यांनी चाळीसच्या दशकापासून कुळांना उभं केलं होतं, त्यापायी हद्दपारी सोसली होती. देशातल्या पुरोगामी राजकारणाच्या खात्यावर जे काही भरीव जमा आहे, त्यात हा कायदा मी वरच्या ओळीत लिहीन. पण कूळ ठरायला खंड भरल्याचा पुरावा लागे. सुपारीच्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या राबणारा सिद्दी बहुधा कूळ नव्हताच. तो घरगडी होता. लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी घेतलेली उचल फेडत, धन्याच्याच आवारात झोपडी घालून तो राहत असे. घरगड्याला खंडाची पावती कोण देणार? दरीतलं पाणी वळवून, माती वाहून ज्यांनी बागा उभ्या केल्या त्यांच्यातल्या अनेक घरांना या कायद्यानं गुंठाभरही जमीन दिली नाही. कायदा वर्गाचा होता, पण कूळ कोण आणि गडी कोण, हे आधीच जन्मानं ठरून गेलं होतं.

पुढची गोष्ट माझ्या जिल्ह्याची आहे. २००३ मध्ये सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं, ते फक्त कारवार जिल्ह्यापुरतं. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतले सिद्दी बाहेर राहिले. त्याच रानातली, त्याच रक्ताची, एकमेकांत सोयरीक असलेली ही माणसं. मुंडगोड तालुक्यातला मामा आदिवासी आणि कलघटगी तालुक्यातला त्याचा सख्खा भाचा आदिवासी नाही, अशी विभागणी कागदावर झाली. संसदेनं २०२० मध्ये दुरुस्ती करून या दोन जिल्ह्यांतल्या सिद्दींना यादीत घेतलं. मधे सतरा वर्षं गेली.

ही सतरा वर्षं म्हणजे केवळ शिष्यवृत्तीची आणि नोकरीची वर्षं नव्हती. याच काळात २००६ चा वनहक्क कायदा आला. त्या कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला इतकंच दाखवावं लागतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही वनजमीन आपल्या वहिवाटीत आहे. इतरांना मात्र त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं, रानातलं वास्तव्य शाबीत करावं लागतं. हिशेब मांडला तर १९३० पर्यंत मागं जावं लागतं. १९३० मध्ये सिद्दीचं नाव कुठल्या दप्तरात असणार? तेव्हा तो कुणाच्या तरी परसात होता. म्हणून जमातीचा दाखला हा इथं नुसता ओळखीचा कागद नाही, त्यावर चार घास पिकवण्याचा हक्क टांगलेला आहे. जे म्हणतात की दाखले आणि याद्या हे ओळखीचं राजकारण आहे आणि जमीन हा खरा प्रश्न आहे, त्यांनी कलघटगी तालुक्यातल्या सिद्दीला हे दोन कागद वेगळे करून दाखवावेत.

सरकारला वनजमीन देता येत नव्हती असंही नाही. १९६६ पासून मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, रान साफ करून त्यांना शेती दिली गेली. ते योग्यच झालं. देशोधडीला लागलेल्यांना या देशानं आसरा दिला याचा मला अभिमान आहे. दांडेलीच्या कागद कारखान्यालाही याच रानातला बांबू मिळाला. ज्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी देशोधडीला लागून याच रानात आले, ते तेवढे वनखात्याच्या वहीत अतिक्रमणदार म्हणून राहिले.

सिद्दीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही असंही म्हणता येत नाही. १९८७ च्या सुमारास क्रीडा प्राधिकरणानं त्यांची मुलं निवडून धावण्या-उड्यांच्या प्रशिक्षणाला नेली. आफ्रिकी रक्त आहे, तेव्हा पदकं आणतील, असा तो तर्क होता. काही मुलांनी खरोखर नाव काढलं, कमला सिद्दी राष्ट्रीय पातळीवर चमकली. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि बरीच पोरं परत आपल्या झोपडीत गेली. मला या कौतुकाची भीती वाटते. शरीर पाहून वेठीला धरणं आणि शरीर पाहून पदकाची आशा धरणं यांत दयेचा फरक असेल, नजरेचा नाही.

आमच्या गल्लीत कामाला येणारी एक सिद्दी बाई आहे. कलघटगीकडून पहाटेच्या बसनं येते. तिची मुलगी हुबळीत कॉलेजात शिकते. ती मुलगी अस्खलित कानडी बोलते, तरी दुकानात, बसमध्ये, खोली पाहायला गेली तर घरमालकाच्या ओट्यावर, तिला पहिला प्रश्न येतो तो कुठल्या देशातून आलीस हाच. आई मला सांगत होती, ‘अक्का, तिला खोली मिळेना. भाडं जास्त द्यायला तयार होतो, तरी मिळेना.’ जास्त भाडं द्यायला त्या माउलीनं किती घरची धुणी वाढवून घेतली असतील ते मला माहीत आहे. पैसे नव्हते म्हणून खोली नाकारली असती तर तो एक अन्याय होता. पैसे आणूनही खोली मिळाली नाही, आणि ते पैसे आणायला तिला दुप्पट राबावं लागलं, कारण जमिनीचा तुकडा तिच्या घराण्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. यातलं रंगामुळे किती आणि गरिबीमुळे किती, हे त्या घरात बसून कुणी वाटून दाखवू शकणार नाही.

आंबेडकरांनी हे १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपातच नेमकं पकडलं होतं. विणाई खात्यात मजुरी चांगली, पण कांडीवरचं सूत तोंडानं ओढून धोट्यात घ्यावं लागे. अस्पृश्याची उष्टी कांडी आपल्या तोंडाला लागेल म्हणून सवर्ण कामगारच त्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या यादीत घाला, असं त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, तेव्हा ती नाखुशीनं का होईना घातली गेली. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही कामगारांचे शत्रू म्हणून एकाच दमात सांगितले. हुबळी तर रेल्वेच्या कारखान्यावर वाढलेलं शहर. ते भाषण इथल्या कामगार संघटनांना घरचं वाटायला हवं होतं.

२०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, सिद्दी समाजातले पहिले आमदार. त्यांना नेमलं भाजपच्या सरकारनं, आणि त्यांचं आधीचं काम होतं ते वनवासी कल्याणच्या संस्थेत. त्यांच्या विचारांशी माझं जमत नाही. पण शाळा, वसतिगृह, पाड्यावरचा कार्यकर्ता या वाटेनं त्या संस्था तिथपर्यंत गेल्या, आणि समतेचं नाव घेणारे आम्ही कडपा मैदानावर आधी काय आणि नंतर काय ते ठरवत राहिलो. हे पुरोगाम्यांनी मनाला लावून घेतलं पाहिजे.

माझी विनंती धारवाड-हुबळीच्या सगळ्या पुरोगामी संघटनांना आहे, लाल, निळ्या, हिरव्या, सगळ्यांना. २०२० च्या आधी पंचाहत्तर वर्षांच्या पुराव्याअभावी या जिल्ह्यातल्या ज्या ज्या सिद्दी घरांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले असतील, ते सगळे अनुसूचित जमातीच्या अटीवर नव्यानं ऐकले जावेत, ही मागणी एकत्र करा. ग्रामसभांत अर्ज भरून द्यायला माणसं पाठवा. आणि विद्यार्थिनीला खोली नाकारणाऱ्या घरमालकाच्या दारात जायची वेळ आली, तर तीच माणसं तिथंही जाऊ द्या.