तंबोऱ्याचे अंग

तंबोऱ्याचे अंग कसे असावे, हे भोपळा हातात आल्याशिवाय ठरत नाही. मिरजेत १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांपासून तंतुवाद्यांचा व्यवसाय उभा राहिला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तो वाढवला आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचे भोपळे मात्र प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतात. मिरजेचे कौतुक करताना हे भोपळे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे नाव सहसा निघत नाही, ते निघायला हवे. हा भोपळा कडू असतो, भाजीचा नव्हे. तो वेलावर पुरता पिकू देतात आणि मग वाळवतात.

अंगाच्या रचनेत भोपळ्याला एवढे महत्त्व का, हे इलेक्ट्रिक गिटारशी ताडून पाहिले की लवकर कळते. तिचे अंग बहुधा भरीव फळीचे असते. तारेचे कंपन चुंबकीय पिकअप टिपतो, त्यामुळे घरी गिटार करणाऱ्याने घोडीची, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीची, जागा आणि मांडीवरचा तोल सांभाळला, की बाकीची रेघ तो हवी तशी ओढू शकतो. तंबोऱ्यात आवाज मोठा करण्याचे काम अंगालाच करावे लागते. तंजावरकडे ते फणसाच्या लाकडातून कोरून काढतात, म्हणजे तिथे आकार कारागिराच्या हातात राहतो. मिरजेच्या कारागिराला तो निवडून घ्यावा लागतो.

निवडीत सगळ्यात आधी घेर पाहतात. खर्जातल्या मर्दानी तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो, जनानीला लहान चालतो. पोकळी मोठी असली की खालच्या स्वरांना आधार मिळतो. पण नुसता घेर पाहून भागत नाही. तळ एका बाजूला कललेला असेल, तर दांडी सरळ बसवूनही वाद्य तिरके दिसते. कवच फार पातळ असेल तर तडकते, फार जाड असेल तर जड होते आणि आवाज दबतो. वजन हातावर तोलून आणि बोटाने टिचकी मारून याचा अंदाज घेतात. हे कसब कोणत्याही मोजपट्टीत सापडत नाही.

निवडलेल्या भोपळ्याचा दर्शनी भाग कापतात, भोपळा भिजवून आतला गर आणि बिया काढतात आणि तोंड आकसू नये म्हणून आत काठ्यांचा ताण देऊन वाळवतात. यापुढची सगळी मापे या तोंडावरून निघतात. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून एकाची तबली, म्हणजे तोंडावर बसणारी लाकडी फळी, दुसऱ्याला बसत नाही.

भोपळा आणि दांडी यांना जोडणारा गळा हा रचनेतला सर्वांत नाजूक भाग. चार तारा दांडीला सतत पुढे ओढत असतात आणि तो सगळा ताण या सांध्यावर येतो. गळा, दांडी आणि तबली बहुतेक तूनच्या लाकडाची करतात. ते हलके असते आणि चांगले वाळले की घाट धरून ठेवते.

तबली सपाट नसते, तिला बाहेरच्या बाजूला हलका फुगवटा देतात. तारांचा दाब घोडीतून तिच्यावर उतरतो, तो या कमानीमुळे पेलला जातो. जाड तबली नीट कंप पावत नाही. पातळ तबली कालांतराने घोडीखाली बसते, मग तारांचा कोन बदलतो आणि घोडीचा माथा घासून कितीही मन लावून काढलेली जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, बिघडते. जवारीबद्दल गाणारे पुष्कळ बोलतात, पण तिचे आयुष्य बरेचसे तबलीच्या जाडीवर अवलंबून असते.

गळ्याभोवती भोपळ्यावर चिकटवलेली कोरीव लाकडी पाने पाहणाऱ्याला नक्षी वाटतात. ती सांध्याची फट झाकतात आणि जोडालाही बळकटी देतात. रंग आणि पॉलिश त्यानंतरच चढते.